पणाला लावलेले डोळे

मी आयुष्यात दोनदाच घाबरलो. एकदा अंबरनाथच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीतली रसायनाची टाकी फुटली तेव्हा, आणि त्यानंतर सलग काही वर्षं, आईच्या नजरेला. टाकीपासून मी असा पळालो की चपला माझ्यानंतर घरी पोचल्या. आईपासून पळून जाणार कुठं?

तिची हयात काड्यापेटीच्या कारखान्यात गेली होती. पट्ट्यावरून हजारो काड्या सरकत जायच्या आणि त्यातली बिनगुलाची एक काडी ती चिमटीत धरून अलगद बाहेर काढायची. पुढं कारखाना बंद पडला, नजर चालूच राहिली. मी शिवमंदिराकडून घरी निघालो की ती चाळीच्या पायरीवर बसून शेजारणीला सांगायची, "पान खाऊन येतोय मुडदा. डाव्या गालात आहे." मंदिर ते चाळ अंतर किती, ते मी सांगत नाही. तुम्ही म्हणाल, फेकतोय.

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं होती ती. आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाचं तोवर चार वेळा उद्घाटन झालं होतं. चारही वेळा नारळ फुटला, फोटो निघाले, भाषणं झाली. दार मात्र एकदाही लागलं नाही. बायका छत्री आडवी धरून बसायच्या. पाचव्या उद्घाटनाला आमच्या गल्लीतले सर, विठ्ठलवाडीला गणिताचा क्लास चालवायचे ते, स्वतःच्या घराचं दार बिजागरीतून काढून खांद्यावर घेऊन आले. दार त्यांनी संडासाला टेकवलं आणि म्हणाले, "हे पाचवं दार माझ्याकडून. आधीची चार कुणी खाल्ली, तेवढं सांगा, म्हणजे आम्ही घरी जातो."

कुणी सांगितलं नाही, म्हणून कुणी घरीही गेलं नाही. आमची आघाडी त्या दारापाशी जन्मली. महिन्याभरात उल्हासनगरचे दुकानदार, बदलापूरचे नोकरदार, चामटोलीचे शेतकरी, सगळे सरांच्या बिनदाराच्या घरात जमायला लागले. मला घेतलं ते आवाजासाठी. मी अंबरनाथला खोकलो की बदलापूरच्या फलाटावरची माणसं बाजूला सरायची.

नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा सरांनी नवीच टूम काढली. ते म्हणाले, "आश्वासनावर लोकांचा विश्वास राहिलेला नाही. आपल्या प्रत्येक उमेदवारानं आईला स्टेजवर आणायचं. आईनं लेकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची." मजकूरही त्यांनीच लिहिला होता. माझ्या पोरानं लाच खाल्ली तर त्याचा जीव जावो.

मैदान गच्च भरलेलं होतं. पहिल्या आईनं मजकूर ऐकला, पोराचा दंड धरला आणि त्याला स्टेजवरून खाली ओढत नेलं. दुसरीनं तोंडाला पदर लावला. सगळ्या आया उठून चालायला लागल्या. तेवढ्यात आमच्या मातोश्रींनी माईक हातात घेतला.

"ए मास्तर," ती म्हणाली. सरांना मास्तर म्हणणारी तीन शहरांत ती एकटीच. "पोराच्या जिवावर शपथ घ्यायला मी काय येडी आहे? देवाची घे म्हणशील, तर आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव नाही. माझं स्वतःचं म्हणावं असे हे दोन डोळे आहेत. ह्यानं एक पैसा खाल्ला तर माझे डोळे जाऊ देत."

आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. केवढासा हात तो, पण माझी मान खांद्यात रुतली. मैदान असं ओरडलं की शिवमंदिरातली कबुतरं वांगणीला जाऊन बसली. परत फिरलेल्या आया एकेक करून पुन्हा वर चढल्या आणि सगळ्यांनी डोळ्यांचीच शपथ घेतली. आम्ही निवडून आलो. माझ्यासमोरच्या उमेदवाराला त्याच्या घरच्यांनीही मतं दिली नसावीत.

लोक नाचत होते आणि मी आईपासून चार हात लांब उभा होतो. कारण माझ्या आईनं शपथ घेतली होती, आणि ती घेतलेली गोष्ट विसरायची नाही.

गुलाल धुतला नव्हता तोवर उल्हासनगरहून टेम्पो आला. त्यात सोफा होता. तिथल्या फर्निचरवाल्या शेठशी माझी जुनी ओळख. टेम्पो नाक्यावर अडकला, म्हणून मी रस्ता दाखवायला मागं चढलो आणि उभं राहवेना म्हणून सोफ्यावर बसलो. काय मऊ होता! दारात आई उभी होती. तिनं सोफ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"साईं, ये तो प्रेमाची भेट आहे," शेठ म्हणाला. "रिश्वत थोडीच है!"

मीही हळूच म्हटलं, "आई, तू दर रविवारी विहारात म्हणतेस ना, न दिलेलं घेणार नाही? हे तर तो देतोय."

तिनं नुसतं डोळ्याकडं बोट नेलं. सोफा त्याच टेम्पोनं परत गेला. शेठ बिचारा चहाही न पिता निघाला, कारण आई म्हणाली होती की चहा पाजला तर लाच कुणी कुणाला दिली ते आधी ठरू दे.

त्या दिवसापासून मी भीतीत जगलो. कुणी पेढा पुढं केला की मला आईची बुबुळं दिसायची. एका ठेकेदारानं माझ्या खांद्यावर शाल टाकली, तर मी विंचू झटकावा तशी झटकली. लोक म्हणायचे, केवढा स्वच्छ माणूस! स्वच्छ कसला, भेदरलेला.

बाकीच्यांची भीती मात्र हळूहळू उतरली. संडासाला दारं लागली, रस्ते झाले, तिथपर्यंत बरं चाललं होतं. मग सरांच्या घराला नवीन दार आलं. सागवानी, पितळी कड्यांचं. पुढच्या निवडणुकीत ज्यांनी आधीची चार दारं खाल्ली होती, तेच आमचे उमेदवार झाले. सर म्हणाले, "माणसं बदलतात. आपण गंगा आहोत." त्या मंडळींच्या आया एक तर वारल्या होत्या, नाहीतर यायला तयार नव्हत्या. तरी स्टेजवर प्रत्येकाच्या शेजारी आई होती. एकाची आई तर त्याच्यापेक्षा लहान दिसत होती.

आमच्या आईनं तिला बरोबर हेरलं. आदल्या आठवड्यात तीच बाई बदलापूरच्या सभेत हिरव्या साडीत दुसऱ्याच कुणाची आई झाली होती.

"तुला पोरं तरी किती गं बाई?" आईनं स्टेजमागं विचारलं.

ती कुठल्याशा पाड्यावरून आलेली. ओशाळून म्हणाली, "ताई, साडी भेटते. जेवण भेटतं."

"आणि डोळ्यांचं काय?"

"शपथेच्या वक्ताला मी डोळे मिटून घेते, ताई. मिटलेले धरत नसतील ना?"

घरी येताना आईनं माझा हात धरला. तसा ती कधी धरायची नाही. मला वाटलं, माया. पण रस्त्यात खड्डा होता आणि तो तिला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं तांदूळ निवडले आणि माझ्या दाताखाली खडा आला. आमच्या घरात भातात खडा! मी तो गुपचूप गिळला. पण ऐकू तर तिला येत होतं.

"खडा होता का रे?"

"नाही गं."

"खोटं बोलतोस." मग म्हणाली, "मला तुझं तोंड धुक्यात दिसतंय. काय खाल्लंस तू?"

मी शपथा घेतल्या, छाती बडवली. मग मलाच भीती वाटायला लागली. खरंच काही खाल्लं असेल तर? मी पाच वर्षांचा प्रत्येक घास आठवत बसलो. सत्काराचा नारळ. लग्नातला जादा जिलबीचा वेढा. शेवटी घाम पुसत म्हणालो, "आई, त्या सोफ्यावर मी टेम्पोत बसलो होतो."

तिनं त्यावर नीट विचार केला. "बसण्यानं एवढं होणार नाही," ती म्हणाली. "अजून आठव."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, पिकत आलाय, काढून टाकू. आईनं विचारलं, "कशानं होतो?" त्या म्हणाल्या, "वयानं." आई म्हणाली, "मग माझ्या वयाच्या शेजारणीला का नाही?" आणि उठली. लेक काय खाल्लं ते कबूल करत नाही तोवर डोळ्याला हात लावू देणार नाही, असं तिनं चाळभर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, फार दिवस थांबलात तर नजर परत आणणं अवघड होईल.

नेमकं त्याच सुमारास, आम्ही दुसऱ्यांदा निवडून आल्यावर, सरांनी मला बोलावलं. सागवानी दार त्यांनी स्वतः लावून घेतलं.

"शाळेच्या मैदानाचा विषय येतोय नगरपालिकेच्या सभेत," ते म्हणाले. "तिथं टॉवर होईल. एक हात कमी पडतोय."

"सर, पोरं खेळतात तिथं."

"गच्चीवर खेळतील. बरं ते सोड. आईंचं काय ऐकतोय मी? आपलं मोफत नेत्रशिबिर आहे पुढच्या आठवड्यात. बिल्डरसाहेबच करतायत. मुंबईचा डॉक्टर, परदेशी भिंग. आईंचे दोन्ही डोळे नवे करून देऊ. तू फक्त हात वर कर."

मी पैसा खाल्ला तर आईचे डोळे जाणार होते, आणि आता डोळेच लाच म्हणून समोर ठेवले होते. हात वर केला तर तिला दिसेल, आणि पहिल्यांदा जे दिसेल ते लाच खाल्लेल्या लेकाचं तोंड. नाही केला तर ती हट्टानं आंधळी होईल. गणिताचे सर होते, उदाहरण अवघड घालणारच.

त्या दिवसापासून आमच्या चाळीसमोर मोटारसायकलवर दोघं येऊन बसायला लागले. काही बोलायचे नाहीत, नुसते शेंगा खायचे.

"कोण रे बसलंय?" आई विचारायची.

"कुणी नाही."

"कुणी नाही तर शेंगा कोण फोडतंय?"

सभेच्या दिवशी माझ्या मागच्या खुर्चीवर त्यातलाच एक प्रेक्षक म्हणून बसला होता. मानेवर त्याचा श्वास लागत होता. अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत." सरांच्या हिशेबाइतके हात वर गेले, म्हणजे एक कमी. माझा उजवा हात मी मांडीखाली दाबून ठेवला आणि त्यावर माझं सगळं वजन टाकलं. तरी मला वाटत होतं, तो हात मला खुर्चीसकट उचलणार. विरोधात कोण, म्हटल्यावर विरोधकांच्या हातांपाठोपाठ माझ्या तोंडातून "मी" आलं. माझा एवढा प्रसिद्ध आवाज, पण तो चिमणीएवढाच निघाला. अध्यक्षांनी दोनदा विचारलं. ठराव पडला.

घरी मी गल्लीबोळांतून आलो. मागं मोटारसायकलचा आवाज आला की दुकानात शिरायचो. त्यात एकदा ब्लाउजपीसचं दुकान निघालं. घरी पोचून दाराला कडी घालतोय तोच ते दोघं आणखी चौघांना घेऊन आले. दारावर लाथा बसायला लागल्या. मी कपाटाआड, आई मधोमध स्टुलावर.

"बाहेर ये भिकारड्या!" बाहेरून एक जण ओरडला. "आईचे डोळे फुकटात देत होते सर! तेही घेतले नाहीस! एका हाताचं काम होतं! बस आता आंधळीला घेऊन!"

चाळीची दारं उघडत गेली. बायका लाटणी, झाडू, जे हातात होतं ते घेऊन बाहेर आल्या. मी सांगितलं असतं की मीही बाहेर आलो आणि चौघांना लोळवलं, पण चाळीतले काही लोक अजून हयात आहेत. आवाज लांब गेला तेव्हा मी कपाटाआडून निघालो.

आई म्हणाली, "इकडं ये." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तांदूळ निवडावेत तसा. घामानं तिचा हात ओला झाला.

"खरं बोलत होते का रे ते?"

"हो."

"मग उद्या दवाखान्यात चल. सरकारी."

आघाडीनं मला काढून टाकलं, ते पेपरमध्ये वाचलं. त्याची भीती वाटली नाही. वाटली ती ऑपरेशनच्या खोलीबाहेर. डॉक्टरीणबाईंचा हात हलला तर? पट्टी निघाल्यावर हिला अंधारच दिसला तर? मग मी चंद्रावर जाऊन ओरडलो असतो तरी तिनं मानलं नसतं की मी काही खाल्लं नाही.

पट्टी काढली. तिनं डोळा मिचकावला, पाणी गळलं. माझ्याकडं पाहायला लागली. किती वेळ पाहत होती!

"पान खाल्लंयस," ती म्हणाली. "डावीकडं."

मी तिथंच खाली बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान झालंय, आजी. आता दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन ठेवा."

"त्याची घाई नाही," आई म्हणाली. "हा अपक्ष उभा राहायचं म्हणतोय. निवडून आला तर काय करतो ते बघू, आणि मग दुसऱ्याचं ठरवू."