सिस्टर आणि आमचे सिमेंटचे हत्ती

सिस्टर नाकातून हसायच्या. ओठ मिटलेलेच, चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही. फक्त नाकातून एक बारीक फुस्स बाहेर पडायचं आणि समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर अडायचं. सगळा जन्म त्यांनी सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स म्हणून काढला होता. त्या हसण्यानं तिथले मोठमोठे डॉक्टर गडबडायचे म्हणे. मग आमच्या वसईच्या सोसायटीतल्या बँक, विमा आणि मंत्रालयातल्या साहेबांचा काय पाड लागणार?

त्या मूळच्या वसईतल्याच सांडोर गावच्या, केळीच्या वाडीतल्या. लग्न केलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जवळच्या गास गावची भाजीवाली आली की तिच्याशी घरच्या बोलीत बोलायच्या. त्यातलं एक अक्षर आम्हाला समजायचं नाही, पण मध्येच दोघी आमच्या इमारतीकडे बघून हसायच्या, त्यामुळे विषय कळायचा. आमच्याशी मात्र इस्पितळातलं मराठी. "सरळ बस. मुद्द्याचं बोल." अध्यक्षांपासून सगळ्यांना अरे-तुरे. आम्ही त्यांना 'अहो सिस्टर' म्हणायचो, आणि त्या पुढे गेल्या की आणखी बरंच काही म्हणायचो.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. प्रजासत्ताक दिनाला झेंडा लावल्यावर मी दहा मिनिटं समतेवर बोलायचो. मला ते चांगलं जमायचं. एका वर्षी भाषण संपलं, टाळ्या झाल्या, जिलेबी वाटली गेली. सिस्टर प्लेट हातात घेऊन माझ्यासमोर आल्या. "परवा मैल्याची टाकी उपसायला माणसं येणार आहेत ना? जिलेबी उरलीय. त्यांच्यासाठी ठेव. भाषण नको ठेवूस, शिळं होईल." आणि फुस्स. शेजारी उभी असलेली माझी बायकोसुद्धा हसली, हे मला जास्त लागलं.

आमची टाकी वर्षातून एकदा उपसली जायची. कंत्राटदार दोन माणसं पाठवायचा. ती झाकण काढायची, कमरेला दोर बांधायची आणि एक जण आत उतरायचा. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पाइप लावून उपसणारी गाडी मिळत होती, पण ती आमच्या फाटकातून आत येत नव्हती. कारण फाटकावर कमान होती, आणि कमानीवर सोंड उंचावलेले सिमेंटचे दोन हत्ती. अध्यक्षांनी स्वतः गावाकडचा कारागीर आणून ते घडवून घेतले होते. सोसायटीत येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्याखाली फोटो काढायचा.

त्याच दिवशीच्या सभेत सिस्टरनी विषय काढला. माणूस आत उतरवणं कायद्यानं गुन्हा आहे, कमान पाडा आणि गाडी आणा. अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, तत्त्व म्हणून मान्य आहे. पण व्यवहार बघावा लागतो. सगळीकडे असंच चालतं. आपण एकट्यानं काय न्याय आणणार?"

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "हत्ती वाचवा. माणसं काय, रोज जन्माला येतात."

ठराव बारगळला. मी इतिवृत्तात लिहिलं : 'सविस्तर चर्चा झाली.' असल्या वाक्यांत माझा हात धरणारा कोणी नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी ती माणसं आली, तेव्हा सिस्टर टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, मांडीवर लसणाची ताटली. दोघांतला वयानं मोठा होता त्याला सगळे दादू म्हणायचे. तो कळवळून म्हणाला, "बाई, उठा ना. आमचा दिवस फुकट जाईल."

"दिवस गेला तर जाऊ दे. तू नको जाऊस."

"दरसालचं काम हाय आमचं. काय होत नाय."

"होतं. मी बघितलंय," सिस्टर लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "माझ्याकडे आणायचे. एकाला काढायला दुसरा उतरलेला, दोघंही निळे पडलेले. आणि घेऊन येणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावलेले. नाडी बघायला मीच असायची."

 दादू खाली उकिडवा बसला आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली. मी खाली गेलो, सेक्रेटरीला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "सिस्टर, प्रॅक्टिकल व्हा. टाकी भरलीय."

"मग तू उतर. दोर मी धरते. मी धरला तर सुटणार नाही."

मी ऑफिसला उशीर होतोय असं सांगून निघालो. उशीर होत नव्हता.

तीन दिवस त्या उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथं बसल्या. कोणी त्यांना वेडी म्हटलं, कोणी प्रसिद्धीची हौस म्हटलं. त्यांची सदसद्विवेकबुद्धी आमच्यात उतरली आणि आम्ही कमान पाडली असं सांगायला मला आवडलं असतं. पण झालं असं की चौथ्या दिवशी टाकी तुंबून मैला वर चढला आणि तळमजल्यावरच्या अध्यक्षांच्या मार्बलच्या बाथरूममध्ये पसरला. बाराच्या आत कमान पाडणारे हजर. हत्ती गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवले गेले. गाडी आली, पाइप लागला, आणि पाइप धरायला दादूच होता. सिस्टरनी कंत्राटदाराला तसं आधीच बजावलं होतं. पुढच्या प्रजासत्ताक दिनी अध्यक्षांनी 'आपल्या सोसायटीचा पुरोगामी निर्णय' यावर भाषण केलं. टाळ्या मी सुरू केल्या.

नंतर सिस्टरना धाप लागायला लागली आणि भाऊ त्यांना सांडोरला घेऊन गेला. इमारत एकदम शांत झाली. सभा वेळेवर संपायला लागल्या. कोणालाच कोणी 'मुद्द्याचं बोल' म्हणेना.

मग एका रविवारी भिंतीपलीकडच्या इमारतीत टाकी उपसायला दोघं उतरले. एक वाचला. दुसरा नाही. तो दादू नव्हता. कोण होता ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. तिथल्या लोकांनी कंत्राटदाराकडे बोट दाखवलं, कंत्राटदार गायब झाला, आठवड्यात विषय मिटला.

मी सांडोरला गेलो. सिस्टर पडवीत खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. पलीकडे केळीत पाणी सोडलं होतं. मी घडलेलं सांगितलं. सांगताना, आता कबूल करायला हरकत नाही, मला आतून थोडं बरं वाटत होतं. शेवटी आमचंच खरं ठरलं होतं.

"म्हणून म्हणतो सिस्टर," मी म्हणालो, "न्याय, समता, ऐकायला छान. तुम्ही एवढ्या उन्हात बसलात, काय बदललं? एक भिंत ओलांडली की पलीकडे तेच. हे जगात होण्यासारखंच नाही."

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ श्वास जमवत राहिल्या. मग विचारलं, "झाकण काढलं तेव्हा किती वाजले होते?"

"दहा-साडेदहा."

"तुला कसं माहीत?"

मी केळीतल्या पाण्याकडे बघायला लागलो.

"कुठं होतास?"

"गॅलरीत," मी म्हणालो. "चहा घेत होतो."

"दोघांना उतरताना बघितलंस?"

"हो."

"हाक मारली असतीस तर ऐकू गेली असती?"

गेली असती. मधे एक भिंत आणि एक फणस, एवढंच अंतर. मी मान हलवली.

"तू अजून एकदाही करून बघितलेलं नाहीस," सिस्टर अगदी हळू, पेशंटला निदान सांगावं तशा म्हणाल्या, "आणि होत नाही हे मला सांगायला इथवर आलास."

त्यांनी डोळे मिटले. मी उठलो, चपला घातल्या. पायरीपर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"त्याचं नाव काय होतं, तेवढं विचारून ये."

मी गेलो, विचारलं. नाव मिळायला तीन आठवडे लागले, आणि तोवर सिस्टरना मातीत ठेवून नऊ दिवस झाले होते.