टीसी हातात न देणारे सोनटक्के बाबू

आठवी पास झालेल्या मुलीची टीसी सोनटक्के बाबू घरच्यांच्या हातात देत नसत. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या त्या मुलींच्या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच. नववीसाठी दुसरी शाळा शोधावी लागते आणि तिथं शाळा सोडल्याचा हा दाखला जमा करावा लागतो. आईबाप ऑफिसच्या खिडकीतून अर्ज आत सरकवत. बाबू चष्मा कपाळावर चढवून विचारत, "पोरगी आता कोण्या शाळेत चालली?" नाव सांगितलं की ते रजिस्टरात लिहीत, टीसी पाकिटात घालत आणि दुपारी स्वतःच्या स्कूटरवरून त्या शाळेत नेऊन देत. नाव सांगता आलं नाही तर म्हणत, "मग घाई काहून करून राहिले? ठरलं की या. मी कुठं पळून नाही चाललो."

हे नियमात बसत नव्हतं आणि लोक भडकत. एकदा एक हार्डवेअरवाला ओरडला, "आप कौन होते हैं रोकने वाले? लिखकर शिकायत करूँगा." बाबूंनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "लिखिए. मेरा नाम पूरा लिखिएगा, अधूरा हो तो फाइल लौट आती है." तो दोन ओळी लिहून अडला, तर पुढचं वाक्यही बाबूंनीच सांगितलं. तक्रार लिहून झाल्यावर म्हणाले, "अब नीचे बिटिया के नए स्कूल का नाम भी डाल दीजिए." माणूस पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव घेऊन आला.

मी हे सगळं समोरून बघत होते. त्या शाळेत चार वर्षं मी दुपारच्या जेवणाच्या पोळ्या लाटल्या, आणि स्वयंपाकघराचं दार ऑफिससमोरच होतं. बाबू घरून डबा आणत, पण माझ्याकडची एक पोळी मागून घेत. "वहिनी, आज पोळी जबलपुरी झाली. वरूडची असती तं दोन घेतल्या असत्या." वरूडजवळचं खेडं माझं माहेर. लग्न झाल्यावर नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून इकडे आले, तेव्हापासून माझ्या गावाचं नाव घेणारे इथं तेवढे एकच.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, मी किती शिकले. आठवी, म्हटलं. माझी टीसी बाबांनी त्याच दिवशी बसस्टँडवर लॅमिनेट करून आणली होती. पोरीचा कागद आहे, फाटाले नको, म्हणून. मोठ्या शाळेत त्या प्लास्टिकवर शिक्का बसेना. दुसरी टीसी आणा म्हणाले. बाबा उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता संत्र्यांचा हंगाम आला आणि टीसी पेटीत गेली. ती बाहेर निघाली थेट माझ्या लग्नाच्या वेळी, वयाचा पुरावा म्हणून. अगदी कोरी करकरीत.

बाबूंचा घास हातातच राहिला. "माझ्याही हातून अशा बऱ्याच गेल्या, वहिनी," ते म्हणाले. "प्रसादासारख्या वाटत होतो मी. एक पोरगी अशीच लग्नाच्या कागदासाठी परत आली, तेव्हा कळलं."

यंदा माझी पल्लवी आठवी पास झाली. ह्यांच्या बहिणीचं काटोलला कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्या घरात कामाला कोणी नव्हतं. हे म्हणाले, "पल्लवीला घेऊन जातो. टीसी आणून ठेव, तिकडेच नाव घालू."

"कोण्या शाळेत?"

"पाहू ना."

रविवारच्या नागपूरच्या बसची दोन तिकिटं निघाली. इकडे घमापुरच्या मुलींच्या शाळेत नववीचे प्रवेश शनिवारी दुपारी दोनला बंद होणार होते. पल्लवीने वरच्या मजल्यावरच्या दीदीकडून नववीची पुस्तकं आणून त्यांना कव्हरं घातली होती. "आई, काटोल में मराठी मीडियम है ना? मुझे तो लिखना भी नहीं आता," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा कव्हर चिकटवू लागली. आमचे हे वाईट माणूस नव्हेत. माझे बाबाही नव्हते.

शनिवारी एक वाजता पिठाच्या हातांनीच मी खिडकीशी गेले. वाटलं होतं, मला तरी ते विचारणार नाहीत.

"पल्लवी कोण्या शाळेत चालली?"

"काटोलले."

"काटोलले कोण्या शाळेत?"

"तिचे बाबा पाहतील म्हणाले."

"अच्छा," म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मला रडू येण्याऐवजी राग आला. "बाबूजी, घरी काय सांगू मी? रिकामी गेली तर बोलणी बसतील."

"अन् घेऊन गेली तं?"

उत्तर मला माहीत होतं: हीही टीसी पेटीत जाईल. घड्याळात सव्वा वाजला होता. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. रजिस्टर फिरवून माझ्याकडे सरकवलं आणि पेन दिलं. "तुम्हीच लिहा. काटोल लिहा, टीसी आत्ता हातात देतो. आज अडवत नाही."

इतकी वर्षं मी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मागे दोन बाया उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "जल्दी करो ना." मी घमापुरच्या शाळेचं नाव लिहिलं. पानावर पीठ सांडलं.

बाबूंनी पाकीट खिशात घातलं आणि निघाले. मी स्कूटरपर्यंत मागे धावले. "घरी तुम्ही सांगाल का ह्यांना? तुमचं ऐकतील."

"टीसी नेणं माझं काम," किक मारत ते म्हणाले. "घरी सांगणं तुमचं. आज मी बोललो तं दहावीच्या वेळी पुन्हा मलेच बोलवावं लागंन. अन् मी तं जूनमध्ये रिटायर होऊन राहिलो. चलो, उशीर होते."

संध्याकाळी हे बूट काढत होते तेव्हाच सांगून टाकलं. उशीर केला असता तर जमलं नसतं. "पल्लवीचं नाव घमापुरले नववीत घातलं."

"कोणाले विचारून?"

"मीच लिहून दिलं."

रविवारी हे एकटेच काटोलला गेले. आठ दिवस फोन नाही. परत आले तेव्हा हातपाय धुतले, जेवायला बसले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "ताई विचारत होती, पोरगी काहून नाही आणली."

"मग?"

"म्हटलं, तिची शाळा आहे."

जूनमध्ये बाबू निवृत्त झाले. मुलाकडे भोपाळला जाणार होते. शेवटच्या दिवशी ते नव्या बाबूला कपाटातली रजिस्टरं समजावून देत होते. मी आभाराचं बोलणं मनात जुळवून गेले होते, पण खिडकीशी गेल्यावर वेगळंच तोंडातून निघालं.

"बाबूजी, तिच्या बाबांनी आत्याला सांगितलं, पोरीची शाळा आहे म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "त्यांनी स्वतः सांगितलं?"

"हो."

"एक मिनट," ते नव्या बाबूला म्हणाले आणि उठून अंगणातल्या नळावर गेले. तोंडावर पाणी मारू लागले. ऊन कडक होतं, त्या उन्हात कोणीही तोंड धुतलं असतं. पण नवा बाबू रजिस्टर उघडं धरून वाट बघत राहिला, आणि ते बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तोंड धूत राहिले.