रिकाम्या गावातली दवंडी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, मुंज असो, पंगती उठल्या की पोरंटोरं, सुना, जावई भोवती जमतात आणि कुणीतरी म्हणतंच, "काका, ती साहेबांच्या बबर्चीची गोष्ट होऊ द्या."

मग मी सांगतो. वडिलांच्या जागी मी नुकताच पटवारी झालो होतो. मोठे साहेब दौऱ्यावर निघाले होते आणि आमच्या शिवेवरच्या आमराईत त्यांचा तंबू पडला होता. सरकारची भाषा उर्दू, म्हणून मी पाच दिवस खपून एक उर्दू भाषण पाठ केलं, वडिलांचं पागोटं डोक्यावर चढवलं आणि ऐटीत निघालो ते नेमका तंबूच्या मागल्या अंगानं शिरलो. तिथं बाजेवर एक भारदस्त गृहस्थ बसलेला. पांढरी दाढी, पांढरा अंगरखा. मी कमरेतून वाकून तीन सलाम ठोकले आणि हुजुरांचा इकबाल बुलंद राहो इथपासून जी सुरुवात केली ती थांबलोच नाही. हुजुरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मला वाटलं, काय आपली जबान! भाषण संपलं तसे हुजूर नाक पुसत म्हणाले, "मियाँ, वो प्याज की टोकरी जरा इधर सरकाव."

सगळे हसतात. धाकटा जावई तर लोळतो. आणि गोष्ट तिथं संपते.

म्हणजे मी ती तिथं संपवतो. पुढचं कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलांना नाही, बायकोलाही नाही. वीस-बावीस वर्षं मी अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घेतो आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या पंगतीला नाही, म्हणून असेल. नाही तर आता हसणाऱ्यांकडे बघवत नाही, म्हणून.

तर तंबूच्या पुढल्या अंगाला हशा पिकला होता. शिपाई हसत होते, कारकून हसत होते. मी कांद्याची टोपली हातात धरून उभा. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. तेवढ्यात एकानं येऊन माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि खांद्यावर हात ठेवला. ते सिरसाळ्याकडचे एक देशमुख. चार दिवस त्यांचा मुक्काम साहेबांच्या तंबूशीच होता. शिकारीला बंदूक त्यांची, सकाळचं दूध त्यांच्या म्हशींचं, घोडी त्यांच्या पागेतली. ते मला म्हणाले, "आवो कुलकर्णी, चला. साहेबांना तुमच्यासारखी हुशार माणसं बघायचीच हायेत."

तंबूत खुर्च्या तीन होत्या. एका खुर्चीवर साहेब, दुसरीवर देशमुख. तिसरीवर त्यांनी मला बसवलं.

तुम्हाला हे किती कळेल, कोण जाणे. आमच्या घराण्यात सात पिढ्या पटवारगिरी, पण साहेबापुढं खुर्चीत बसलेला मी पहिलाच. माझे वडील उभ्यानं म्हातारे झाले. मला चहाही मिळाला, चिनी मातीच्या पेल्यातून. मी तो पेला दोन्ही हातांनी धरला होता — इतका, की बशी घ्यायची राहूनच गेली.

आमच्या गावाला ओढ्याकाठी गायरान होतं. मध्ये डोह, भर उन्हाळ्यातही न आटणारा. गावाची गुरं तिथं चरायची, तिथंच पाणी प्यायची. देशमुखांना नेमकी ती जागा हवी होती, सरकी काढायचा कारखाना घालायला. मागणीत गैर काही नव्हतं, मागायला कुणाला बंदी आहे? आणि सरकारचा कायदाही, खरं सांगतो, चांगला होता. गायरान कुणाला द्यायचं तर आधी इश्तिहार, म्हणजे जाहीर नोटीस, चावडीवर लावायचा, गावात दवंडी द्यायची, मग महिनाभर लोकांच्या हरकतींची वाट बघायची. कुणी हरकत घेतली तर चौकशी. म्हणजे ज्याची एकच शेळी आहे, त्यालाही विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. हे विचारायचं काम कुणाचं? पटवाऱ्याचं. माझं.

देशमुखांनी मला काही दिलं नाही. काही देऊ केलंही नाही. ते एवढंच म्हणाले, "दवंडी कायद्यानं झालीच पायजे. फकस्त गलका नको." साहेब त्या वेळी खिडकीतून आंब्याचा मोहोर बघत होते. त्यांना ऐकू गेलं का? माहीत नाही. तंबूत कोण आलं, कोण काय बोललं, याची नोंद कुठंच होत नसे. मी गावातलं बाभळीचं झाडसुद्धा दप्तरात लिहीत होतो. ती तीन खुर्च्यांची बैठक कुणी लिहिली? मीही नाही.

गलका नको. यावर मी आठ दिवस डोकं चालवलं. लाज वाटते, पण सांगतोच, मला त्यात मजा येत होती. आपण किती हुशार, याची मजा.

आमच्याकडे येळवस असते, मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. ज्वारीत कडब्याची कोप उभी करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी आणि उंडे खायचे, आंबील प्यायची आणि दिवस कलल्यावर परतायचं. गावात म्हातारी माणसंसुद्धा राहत नाहीत, त्यांना गाडीत घालून नेतात. घराघराला कुलपं, नाही तर कड्या.

मी दवंडीला तो दिवस धरला.

सटवा हा आमचा येसकर. गावाची राखण, निरोप, दवंडी सगळं त्याच्याकडे. घुंगराची काठी आपटत चालायचा; आवाज असा, की ओढ्यापलीकडं ऐकू जावा. त्याला मी सकाळी चावडीवर बोलावलं. त्याच्या घरची माणसं रानात जेवायला त्याची वाट बघत होती.

"मालक, आज येळवस हाय. गावात चिटपाखरू न्हाई. कुणाला ऐकवू?"

"सटवा, कायद्यात दवंडी द्यायला सांगितलंय. किती जणांनी ऐकायची, ते नाही सांगितलेलं."

तो हसला. त्याला वाटलं, मालक थट्टा करतात. पण मी हसलो नाही, तेव्हा त्यानं हलगी गळ्यात अडकवली.

आणि काम, एखाद्यानं नुसती वाजवून मोकळं व्हावं तसं केलं नाही. प्रत्येक गल्ली घेतली. प्रत्येक कोपऱ्यावर थांबला. "ऐका हो ऐका, ओढ्याचं गायरान कारखान्याला द्यायचं हाय, ज्याची हरकत आसंल त्यानं म्हयन्याच्या आत चावडीवर यावं होऽऽ" — पूर्ण आवाजात, बंद दारांना. मी मागून चालत होतो. मारुतीपाशी आल्यावर त्यानं पुन्हा एकदा सगळं म्हटलं आणि मला म्हणाला, "ह्येंनी तरी आयकलं, मालक." त्या वेळी मला हसू आलं. हसलो मी.

इश्तिहार मी चावडीच्या कवाडावर लावला, पण आतल्या अंगानं. दिवसा कवाड उघडं राही, म्हणजे कागदाचं तोंड भिंतीकडे. आणि तसाही तो उर्दूत. वाचणार होतं कोण? दप्तरात लिहिलं: दवंडी झाली, इश्तिहार लागला. महिन्यानं लिहिलं: कुणाची हरकत नाही. यातला एक शब्द तरी खोटा होता का? या प्रश्नावर मी किती वर्षं जगलो म्हणता!

मग एके दिवशी गायरानाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. गुरं डोहापाशी जाऊन काट्याबाहेर हंबरत उभी. गावानं वर अर्ज केला, की आमच्याकडे दवंडी झालीच नाही. गिर्दावर, म्हणजे महसुलाचे वरचे तपासनीस, चौकशीला आले. चावडी माणसांनी भरली, ओट्यावर, झाडाखाली, छपरावरसुद्धा. गिर्दावरांनी माझं दप्तर मागितलं आणि दवंडीची तिथी मोठ्यानं वाचली.

मागून एकजण ओरडला, "येळवशीला? येळवशीला दवंडी देतंय व्हय बे कुणी?"

सगळे माझ्याकडे वळले. त्यांत माझ्या बरोबरीनं विटीदांडू खेळलेले होते. माझ्या वडिलांच्या तिरडीला खांदा दिलेले होते. सांगता आलं असतं, की हो, मीच. नोकरी गेली असती. गायरान कदाचित वाचलं असतं, कदाचित नसतंही.

मी म्हणालो, "मी हुकूम चार दिवस आधीच दिला होता. दिवस सटवानं निवडला."

एवढंच. हे एवढंच सांगायचं होतं, त्यासाठी इतका फिरत आलो.

सटवा दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मी काहीतरी चुकून बोललो, आणि आत्ता सुधारून घेईन, तसं बघत राहिला. मी दप्तर चाळायला लागलो. त्यानं बोलावं तरी कुणापुढं? एकीकडे त्याचा शब्द, दुसरीकडे माझा कागद. गिर्दावर काय उचलणार होते? पाटलांनी पुढं होऊन त्याच्या हातातली काठी ओढून घेतली. घुंगरं वाजली. "हरामखोरा, गावाचं खाऊन गावाला बुडवलंस," कुणीतरी म्हणालं. चौकशी तिथंच मिटली. दोष येसकराचा, कागद कायदेशीर.

सुगीला त्याला कुणी येसकराच्या हक्काचं धान्य घातलं नाही. संध्याकाळची भाकरीही दारोदार बंद झाली. तो एकदा माझ्याकडे आला, भर दुपारी, अंगणाच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "मालक, गायरान गेलं त्ये गेलं. माझं येवढं येकदा चावडीवर सांगा. मला हितंच मरायचं हाय."

मी म्हणालो, "बघू."

चार दिवसांनी तो गाव सोडून गेला. कुठं गेला, कुणाला नीट माहीत नाही. कुणी जालन्याचं नाव घेतलं, कुणी निजामाबादेकडचं. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, ही भीती होती. पुढं मला बढती मिळाली. गावात दुसरा येसकर आला, त्याचा आवाज बारीक होता. लोक अजून कधी कधी म्हणतात, "सटवानं गाव बुडवलं." माझ्या ओसरीवर बसून म्हणतात. मी त्यांना पान लावून देतो.

मी तेव्हा तरुण होतो, साहेब मोठे होते, देशमुख गोड बोलले. यातलं काही मी पुढं करत नाही. चार दिवस आधी हुकूम दिला नव्हता. दिवस मी निवडला होता. सटवानं दवंडी चोख दिली होती.

एवढं लिहून झाल्यावर काल मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मध्येच सूप थांबलं. वाचून संपलं तरी ती खालीच बघत होती. मग म्हणाली, "त्याच्या बायकोचं नाही लिहिलं?"

मी म्हटलं, "तिचं काय?"

"गाव सोडताना आपल्या दारात आली होती. पोटुशी होती. पाणी मागितलं. तुम्ही ओसरीवर होतात. मला म्हणालात, दार लाव." तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "मी लावलं."