ड्रेसिंगच्या खोलीबाहेरचं बाक

सूड उगवायला मला फार वर्षं थांबावं लागलं, आणि त्यातल्या एकाही वर्षी मी त्यांना माफ केलं नाही. वय वाढलं की माणूस निवळतो म्हणतात. मी नाही निवळले.

पुण्यात घरोघरी केबल नुकती येत होती, तेव्हा मी लहान मुलांच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर होते. आमचे सर विभागप्रमुख. भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग करायचं तर आईला बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि मुलाला चौघांनी दाबून धरायचं, हा त्यांचा शिरस्ता. मॉर्फीन कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. मुलांना सवय लागते म्हणे. शिवाय मुलं विसरतात.

लोणी काळभोरची एक मुलगी होती. गुऱ्हाळात उकळता रस पायांवर सांडलेला. पट्टी सुटू लागली तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, म्या काय केलं हाय?" ही शिक्षाच आहे असं तिला वाटत होतं. मी सरांकडे इंजेक्शन मागितलं. सर सगळ्यांसमोर हसले.

"आपण डॉक्टर आहात की आई, ते एकदा ठरवून घ्या."

बाहेर तिची आई कानांवर पदर दाबून बसली होती.

पुढे मी वेदनाशमनच शिकले. मॉर्फीनच्या परवान्यासाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि दुसऱ्या एका इस्पितळात माझी स्वतःची ड्रेसिंगची खोली मांडली. तिथे आई आत असते. लोकांना माझ्यात फार करुणा दिसते. कसली करुणा? निव्वळ राग होता तो.

आणि एके दिवशी सर आले. निवृत्त, हातात काठी. मुलगा-सून खराडीला आयटीत, आणि नातवाने उकळत्या पाण्याची किटली हातावर ओढून घेतलेली. सुनेच्या मागोमाग सरही आत शिरू लागले. "मी डॉक्टर आहे," म्हणाले.

"इथे आई आत असते, सर. डॉक्टर बाहेर. बसा बाकावर."

ते वाक्य मी चवीने उच्चारलं, खोटं कशाला बोलू.

औषधाच्या गुंगीत नातू आईच्या मांडीवर पेंगत राहिला. पट्टी बदलली, तो हुंकारलासुद्धा नाही. मी बाहेर आले तेव्हा सर अंग आखडून बसले होते. किंकाळीची वाट बघत होते.

"अजून सुरू नाही केलंत?"

"झालं."

ते बंद दाराकडे बघत राहिले. माणूस हुशार, त्यांना कळायला वेळ लागला नाही. मग हळूच म्हणाले, "आपल्या वेळी असलं काही नव्हतं, नाही का?"

त्यांना माझ्याकडून फक्त एक 'हो' हवा होता. तेवढ्याने ते सुटले असते.

"होतं, सर. कपाटात होतं. किल्ली आपल्या खिशात होती."

ते उठू बघत होते, पण त्यांना उठवेना. मी हात दिला नाही. पुढच्या मुलीचा नंबर होता. तिच्या आईला घेऊन मी आत गेले.