दारावरचे तीन प्रश्न

करोनाच्या पहिल्या लाटेनंतर बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या छोट्या मराठी चर्चमध्ये उपासना पुन्हा सुरू झाली, तेव्हा पाळकसाहेबांनी कामं वाटून दिली. कुणी खुर्च्या लांब लांब मांडायच्या, कुणी आजाऱ्यांच्या घरी डबा पोचवायचा. दारावर मला उभं केलं, कारण माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. ताप-खोकला आहे का? घरात कुणी आजारी आहे का? गर्दीत गेला होतात का?

काम मी ठसक्यात केलं. एक बाई नुसत्या शिंकल्या, तर त्यांना रिक्षात बसवून परत पाठवलं आणि वर चार शब्दही सुनावले.

तिसऱ्या रविवारी माझाच घसा खवखवत होता. धूळ असेल म्हटलं, ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली आणि निघाले. घरी थांबले असते तर त्या बाईंना काय तोंड दाखवलं असतं? खरं कारण एवढंच होतं. दारावर विचारणारीला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी एक काका आले, काकूंचा हात धरून. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून बंगळूरचं. त्यांना कमी ऐकू यायचं.

"अक्का, स्वल्प जोरात विचार की," ते म्हणाले.

मी मास्क हनुवटीवर ओढला आणि त्यांच्या कानाशी वाकून तिन्ही प्रश्न मोठ्याने विचारले. काका तीनदा "नाही" म्हणाले. शेजारी उभ्या काकू हसत होत्या.

मंगळवारी मला फोडणीचा वास येईना. तपासणीत करोना निघाला. पाळकसाहेबांना मी फोनवर सांगितलं, पाय मुरगळलाय. शुक्रवारी कळलं, काका-काकू दोघांना ताप भरलाय. हॉस्पिटलमधून काका एकटेच घरी आले.

दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. समोर कॉफी ठेवली.

"अक्का, मी चर्चच्या दारात तुझ्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "आदल्या दिवशी मी बाजारात गेलो होतो. हिला अवरेकाईच्या शेंगा हव्या होत्या, म्हणून. गर्दी होती. मीच आणला तो घरी. हिला मीच मारलं. तू बिचारी सगळ्यांसाठी दारात उभी होतीस, आणि मी तुला फसवलं."

कदाचित आजार खरंच बाजारातून आला असेल. ही शंका मी आजवर जिवापाड जपली आहे. पण त्या क्षणी मला काय करायला हवं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरचा अर्धा दगड तरी हलला असता. मला माझीच लाज वाटत होती, आणि तरी जीभ उचलेना.

"मला क्षमा करशील?" त्यांनी विचारलं.

"केली, काका," मी म्हणाले.

त्यांनी माझे दोन्ही हात उचलून कपाळाला लावले. मी लावू दिले.