रुखवतातली मिलोची भाकर

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका बेकरीत वच्छला पाव बांधायचं काम करायची. नवरा कुंडलिक तिथंच भट्टीवर होता. दुष्काळात दोघं सांगोल्याकडून इकडं आली आणि इथंच राहिली.

बेकरीत कागदी वाटीतल्या छोट्या केकवर साखरेच्या आयसिंगनं गुलाब काढायचे. वच्छला ते बघून बघून शिकली, पण फुलांत तिचा जीव रमेना. एकदा तिनं उरलेल्या आयसिंगनं केकचा कांदाच केला; पांढऱ्यावर जांभळट रेघा, वर वाळका शेंडा. मालक अण्णाराव जेवायला बसले होते. त्यांनी कांदा घेतला, पाटावर ठेवला आणि बुक्की हाणली. मूठ साखरेनं बरबटली तसे ते हाताकडे बघतच राहिले. मग इतके हसले, की जेवण तसंच राहिलं. त्या दिवसापासून भट्टी रिकामी असली की वच्छलाला मुभा होती.

चौऱ्याहत्तर साली तिच्या बहिणीच्या मुलीचं, शेवंताचं लग्न ठरलं. मुलगा सांगोल्याकडचा.

"रुखवत माझ्याकडं," वच्छला म्हणाली.

लग्नाचं म्हणून तिनं अंडं घातलं नाही, दूध-सोड्यावर केक फुगवले. कांदे केले, भजी केली, हिरव्या मिरचीचा ठेचा केला, शेंगाचटणी केली. परातीत मधोमध भाकरी. चार केक जवळजवळ ठेवून त्यांवर आयसिंगचा एकच थर दिला आणि करपल्याचे डाग दिसावेत म्हणून जळकी साखर लावली. उन्हाळ्याच्या उकाड्यात ती पाघळली नि भाकरी सगळीच तांबूस झाली. वच्छलाला वाटलं, झकास भाजल्यासारखी दिसतीय.

मांडवात रुखवताच्या टेबलाशी बायका जमल्या. नवऱ्या मुलाची आई सोनाबाई पुढं आली आणि परातीपाशी थबकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही मिलोची भाकर हाय," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. दुष्काळात रेशनवर मिळायची ती तांबडी ज्वारी म्हणजे मिलो. सगळ्यांनीच खाल्ली होती, पण तिचं नाव आता कुणी काढत नसे.

"दुष्काळी कामावर खडी फोडून मिलो खाल्ली आमी. पोरं रडायची, घशाखाली उतरायची न्हाय. ते रुखवतात मांडून हिणवता व्हय आमाला?" सोनाबाईचा आवाज चढला. "चला गं! न्हाय करायचं लगीन हितं."

ताशेवाल्यांचे हात थांबले.  'अहो, तो केक आहे,' वच्छला म्हणाली, पण आरडाओरड्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. स्वतः तिनंही खडीच फोडली होती, मिलोच खाल्ली होती. आपल्या हातून हे झालंच कसं, तिला समजेना. बहीण तिच्याकडं अशी बघत होती, की जणू ही कोण बाई मांडवात आलीय.

गलका ऐकून शेवंता आतल्या खोलीतून बाहेर आली. पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, सकाळपासून पोटात अन्न नाही. ती सरळ परातीपाशी गेली, ठेच्याचा अख्खा गोळा उचलला आणि तोंडात कोंबला.

"अगं, ठेचा हाय त्यो!" "पाणी आणा, पाणी!" बायका किंचाळल्या. एकीनं तांब्या आणला तो घाईत स्वतःच्याच पायावर पालथा केला.

शेवंता चावत राहिली. ओठ हिरवे झाले. डोळ्यांत पाणी नाही, हुंदका नाही. गिळून झाल्यावर तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि सासूपुढं धरला.

"आत्याबाई, मावशीनं केलंय. खाऊन बघा, मग जायचं तर जावा."

सोनाबाईनं तुकडा हातात घेतला. हुंगला. जिभेला लावला. "गोड हाय की," ती पुटपुटली आणि मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ रडली. तिला कुणी उठवलं नाही. मग तिनंच ताशेवाल्यांना खूण केली.

लग्न लागलं. निघताना सोनाबाई वच्छलापाशी आली.

"दुसरं कायबी कर बाई. ही भाकर पुन्यांदा करू नगंस."

 महिनाभर वच्छलानं आयसिंगला हात लावला नाही. कुंडलिक म्हणायचा, "झालं गेलं," पण तिला झोपेतही तो पांढरा चेहरा दिसायचा.

पुढच्या वर्षी शेवंताला मुलगा झाला. बारशाला सोनाबाईचा निरोप आला, भरली वांगी घेऊन ये. वच्छलाला आधी खरंच वाटेना. मग तिनं केकची वांगी केली, काळसर देठासकट, आणि परात घेऊन एस.टी.त बसली.

सांगोल्याला सोनाबाईनं ती परात स्वतः उचलली. गावच्या बायकांपुढून फिरताना चेहऱ्यावरची रेघ हलू न देता ती प्रत्येकीला बजावत होती, "जपून गं, लई तिखट झाल्यात." पहिल्या बाईनं भीतभीत घास घेतला आणि डोळे विस्फारून सोनाबाईकडं बघितलं. वच्छला दारातच उभी होती. हसावं की रडावं, तिला कळेना.