घोंगडीतला पेंग्विन

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पेंग्विन झाले होते. कोरेगावजवळचं आमचं गाव, मार्चमधली दुपार आणि नाटुकलं बर्फाच्या देशातलं! पण बाईंना कोण सांगणार? हौसेला मोल नसतं.

बाई शिकवायच्या मात्र छान. पेंग्विन गारढोण समुद्रात पोहतो आणि तरी गारठत नाही, याचं आम्हाला भारी नवल वाटायचं. कातडीखाली चरबी, वर दाट पिसं, पिसांत कोंडलेली हवा, आणि चोचीनं पिसांना तेल चोपडलेलं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं, तिथंच चुकलं. आई कुठलीही गोष्ट अर्धवट करत नसे.

"तुज्या अंगावर चरबी कुटं हाय?" म्हणत तिनं माझ्या पोटाला गोधडी गुंडाळली. तिच्यावर आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पांढरं धोतर. पाठीला काळी घोंगडी. घोंगडीला कात्री लावायची नाही हा आईचा दंडक, म्हणून पावसात शेतावर जाताना घेतात तशी डोक्यावरून खोळ घालून ती दाभणानं टाचली. पुठ्ठ्याची चोच बांधली. एवढ्यावर थांबेल तर ती आई कसली! "पाखरू त्याल लावतंय म्हनलीस न्हवं?" असं विचारून हातापायांना शेंगतेलही चोळलं.

मी हे मुकाट सोसलं ते आबांसाठी. आबा फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, घरात पाहुण्यासारखे गप्प वावरायचे, आणि मला ते जरा ओळखीचे वाटू लागेपर्यंत निघायची वेळ व्हायची. दुसऱ्या दिवशी ते जाणार होते. त्या दुपारी परतीच्या तिकिटासाठी साताऱ्याला गेले होते. "जमलं तर येतो," एवढंच म्हणाले होते. त्यांनी मला एकदा बघावं, बस, एवढंच मला हवं होतं.

पडदा सरकला. चोच डोळ्यांवर घसरलेली, समोरचं कुणी दिसेना. आबा आलेत की नाही, कळायला मार्ग नव्हता. समुद्रातून बर्फावर यायचं आणि कुडकुडत बाकीच्या पेंग्विनांना बिलगायचं, असं माझं काम. कुडकुडणार कशी? अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. जीव घाबरा झाला आणि मी दोन्ही पंख पसरून, तोंड उघडून धापा टाकायला लागले.

"पंख मीट गं! थंडी वाजतेय तुला!" बाई आडोशातून ओरडल्या.

मला रडू फुटायचं, त्याऐवजी राग आला. बाईंनीच शिकवलेलं मी मोठ्यानं म्हणून टाकलं, "समुद्रात अंगातली ऊब जपायची, आन् जमिनीवर ऊन लागलं की पंख पसरून ती बाहेर सोडायची! मला लय गरम व्हतंय!"

सगळा मांडव हसला. लोक हळूहळू थांबले, पण एक हसू थांबेना. खणखणीत, मांडीवर थाप मारत चाललेलं. घोंगडी सुटली तर टाचायला आई पडद्यामागंच उभी होती. मी तिला हळूच विचारलं, "कोन गं त्यो?"

"आगं, आबा हायेत तुजं," आई म्हणाली.

मला त्यांचा खोकला ओळखू यायचा, पायांचा आवाज ओळखू यायचा. हे हसू ओळखलं नाही, कारण तोवर ते मी कधी ऐकलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की पडदा पडेपर्यंत मी पंख काही मिटले नाहीत.